मान, मेहनत आणि नशीब

बदलापुरात एका चाळीत दोन बहिणी राहत होत्या. थोरली आणि धाकटी. दोघी पळायच्या. पहाटे साडेचारला उठायचं, केस घट्ट बांधायचे आणि बारवी धरणाच्या रस्त्याला लागायचं, हा त्यांचा नेम. अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक सर शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन मोटारसायकलवरून त्यांच्या मागे असायचे. धाकटीच्या पायात वेग होता, दहा किलोमीटरला तिला गाठणं अवघड. थोरली सावकाश तापायची, पण एकवीस किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनमध्ये शेवटच्या तीन किलोमीटरात ती एकेकीला मागे टाकत यायची.

वडील नव्हते. आई उल्हासनगरला कॅम्प नंबर पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायची. मजुरी नगावर. आईच्या पिशवीत डब्याशेजारी एक छोटी वही असायची. रोज संध्याकाळी विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाकावर बसून ती त्या दिवसाचे नग त्यात लिहायची आणि मगच लोकल पकडायची. मुलींनी लहानपणी विचारलं होतं, "ठेकेदार लिहितोच ना, मग तू कशाला लिहितेस?"

आई म्हणाली होती, "ठेकेदार वाईट माणूस नाही गं. पण त्याच्या वहीत त्याचा आकडा असतो. माझ्या वहीत माझा असायला नको?"

थोरलीनं हे ऐकलं आणि मनात ठेवलं. धाकटीनंही ऐकलं, पण तिचं लक्ष तोवर दुसरीकडे गेलं होतं.

जानेवारी 2023 मध्ये एका शहरातल्या मोठ्या शर्यतीला दोघी गेल्या. धाकटी दहा किलोमीटरमध्ये पहिली आली, बक्षीस 1,00,000 रुपये. थोरली अर्धमॅरेथॉनमध्ये तिसरी, बक्षीस 50,000. मंचावर फोटो निघाले, हातात पुठ्ठ्याचे भले मोठे चेक आले. महिन्याभरानं खरे पैसे बँकेत जमा झाले तेव्हा धाकटीच्या खात्यात 70,000 होते आणि थोरलीच्या खात्यात 35,000. तीस टक्के कापून गेले होते.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाय माझे. घाम माझा. पायाचं नख उपटलं तेही माझं. सरकार कुठल्या किलोमीटरला माझ्याबरोबर पळालं?" तिनं तेव्हाच ठरवलं, यापुढे पॅन मागणाऱ्या शर्यतींच्या नादी लागायचं नाही. गावोगाव, वॉर्डावॉर्डांत शर्यती होतात, मंचावर पाकीट हातात मिळतं. तेच बरं.

राग थोरलीलाही आला होता. पण तिनं आयोजकांना फोन करून एवढंच विचारलं, "कापलेल्या पैशांचा कागद मिळेल का?" बऱ्याच फोनांनंतर फॉर्म 16ए आला. तो तिनं फाइलमध्ये लावला आणि आईला म्हणाली, "हा कागद कुणाला तरी दाखवायला हवा."

आईच्या कारखान्याचे हिशेब उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधले एक वयोवृद्ध सिंधी गृहस्थ पाहायचे. सगळे त्यांना दादा म्हणत. जिना चढून गेलं की एक छोटी खोली, भिंतभर फायली, टेबलावर पाण्याचा तांब्या. जुलै महिन्यात आई आणि थोरली त्यांच्याकडे गेल्या.

दादांनी फॉर्म पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "बेटा, तुझे पैसे कापले हे ठीक. पण कुठल्या कलमाखाली कापले ते वाचलंस का? 194बी. हे लॉटरीचं कलम आहे."

थोरलीला काही उमगेना. "मी लॉटरी कुठं लावली, दादा? मी तर पळाले."

"तेच तर." दादांनी कपाटातून तीन रिकाम्या फायली काढल्या आणि एकेकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. पहिलीवर 'मान', दुसरीवर 'मेहनत', तिसरीवर 'नशीब'.

"ऐक. माझा जन्म इथल्या बरॅकीतला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना सरकारनं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं. 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींनी या गावाची कोनशिला बसवली, तेव्हा ते उल्हासनगर झालं. कॅम्पांचे नंबर मात्र अजून तसेच आहेत. माझे वडील लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकायचे. घरात त्यांनी दोन डबे ठेवले होते. सरकारकडून मदत मिळाली की ती एका डब्यात. विक्रीचे पैसे दुसऱ्या डब्यात. आई म्हणायची, पैसा तो पैसा, दोन डबे कशाला? वडील म्हणायचे, मिळालेलं आणि कमावलेलं एकत्र झालं की माणसाला आपली खरी ताकद कळत नाही. मी पुढे कायदा शिकलो आणि बघितलं, तर प्राप्तिकराचा कायदाही खेळाडूला पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतो. हे पैसे कुठल्या डब्यातले?"

मग त्यांनी एकेक फाइल पुढे केली.

"मान. देशासाठी पदक आणलं म्हणून सरकार खेळाडूचा सत्कार करतं, ती रक्कम यात. 1961 च्या कायद्यातलं कलम 10(17ए) सांगतं की लोकहितासाठी सरकारनं दिलेले असे पुरस्कार करमुक्त. 28 जानेवारी 2014 च्या आदेशानं ऑलिंपिक, एशियाड आणि राष्ट्रकुल स्पर्धांतल्या पदकविजेत्यांना केंद्र किंवा राज्य सरकार जे बक्षीस देतं, ते या कलमात बसवलं. तुमचा बीडचा अविनाश साबळे. गेल्या वर्षी बर्मिंगहॅमला 3,000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं रौप्यपदक जिंकलं. त्या पदकासाठी सरकार त्याच्या हाती जे ठेवेल, त्यातला एक रुपयाही कराला जायचा नाही. पण नीट लक्षात घे, सरकारनं दिलं म्हणजे आपोआप सगळं माफ, असं नाही. त्या कारणाला केंद्राची मान्यता लागते."

"नशीब. लॉटरी, जुगार, पत्ते, घोड्यांवर लावलेला पैसा. यावर कलम 115बीबीनं सरळ तीस टक्के, वर उपकर. खर्च वजा होत नाही. तुझं बाकीचं उत्पन्न शून्य असलं तरी सूट नाही. कायद्याच्या नजरेत या पैशामागे घाम नसतो, म्हणून तो घामाचा विचारही करत नाही."

"आणि ही मेहनत. धंदा-व्यवसायाची मिळकत. यातून खर्च वजा होतो. बूट, प्रवास, प्रवेश फी, फिजिओथेरपिस्ट. जे उरेल त्यावर कर, तोही टप्प्याटप्प्यानं. मर्यादेच्या आत असेल तर काहीच नाही. खेळाडूंच्या कामाचा समावेश 21 ऑगस्ट 2008 च्या अधिसूचनेनं व्यावसायिक सेवांमध्ये झाला आहे. कलम 194जे, कपात दहा टक्के. आयोजकांच्या हिशेबनिसानं 'बक्षीस' म्हटल्यावर तुला तिसऱ्या फायलीत टाकलं. लॉटरीच्या कलमात पत्त्यांबरोबर 'इतर कुठलाही खेळ' असंही लिहिलंय, त्याच्या आधारानं. यावर जाणकारांत वाद होतात, ते मी लपवत नाही. पण जी मुलगी वर्षभर पहाटे उठून पळते आणि त्यावरच जगते, तिची जागा दुसऱ्या फायलीत आहे असं मी ठामपणे मांडू शकतो. फक्त एक अट. तू मेहनत केलीस हे तुला दाखवता आलं पाहिजे."

थोरलीनं पिशवीतून एक वही काढली. आईच्या वहीसारखीच, शाळेतली जुनी. त्यात तारखेनिशी सगळं होतं. कुठल्या शर्यतीला गेलो, एसटीचं तिकीट किती, लोकलचा पास किती, बूट कधी घेतले, गुडघा दुखला तेव्हा कुणाकडे गेलो, बक्षीस किती लागलं. पावत्या मागच्या पानांना टाचलेल्या.

दादा बराच वेळ पानं उलटत राहिले. मग आईकडे बघून म्हणाले, "ताई, ही तुमच्याकडून शिकली."

दादांनी आयोजकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, तेव्हा दुसरं लिहिलं. आयोजकांच्या हिशेबनिसाला मुद्दा पटला आणि त्यानं आपल्या तिमाही विवरणपत्रात कलम बदलून घेतलं. थोरलीच्या वर्षाच्या बक्षिसांची बेरीज 1,90,000 रुपये होती, खर्च वजा जाता त्याहून कितीतरी कमी. मर्यादेखालची मिळकत. 31 जुलैच्या आत तिचं आयुष्यातलं पहिलं विवरणपत्र भरलं गेलं आणि काही आठवड्यांनी कापलेले 15,000 रुपये थोड्या व्याजासह तिच्या खात्यात परत आले.

तिनं धाकटीला सांगितलं, "तुझेही तीस हजार आहेत तिथं. चल दादांकडे."

धाकटी म्हणाली, "पत्रं लिहा, वह्या दाखवा, हात जोडा. माझेच पैसे मागायला मी कुणाच्या दारात जाऊ? त्यापेक्षा एक शर्यत जास्त पळेन." आणि ती खरोखर पळाली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही तिनं थोरलीपेक्षा जास्त बक्षिसं जिंकली. पाकिटं येत गेली. बूट आले, फोन आला, घरात फ्रिज आला. लिहिलेलं मात्र कुठंच काही नव्हतं.

1 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकलं. चाळीत पेढे वाटले गेले. राज्य सरकारनं एक कोटी रुपये जाहीर केले. त्यावर कर नाही, हेही धाकटीला कळलं आणि जुनी जखम पुन्हा उघडली. या वेळी ती स्वतःच थोरलीला घेऊन दादांच्या खोलीत गेली.

"दादा, मला एवढंच सांगा. कोटीवर कर नाही आणि माझ्या लाखावर तीस टक्के. हा कुठला न्याय? मोठ्या माणसांना सगळं माफ असतं का?"

दादा रागावले नाहीत. "मोठ्या माणसांना माफ असतं, तर सचिन तेंडुलकरला तरी माफ झालं असतं. त्याची गाडी आठवते? तुम्ही तेव्हा लहान असाल. कसोटीतल्या 29 शतकांची ब्रॅडमनशी बरोबरी झाली म्हणून 2002 साली फियाट कंपनीनं त्याला फेरारी भेट दिली. परदेशातून गाडी आणायची म्हणजे सीमाशुल्क आलं, तेही एक कोटीच्या वर. सरकारनं ते माफ केलं आणि देशभर काहूर माजलं. लोक कोर्टात गेले. सचिनवर लोकांचं प्रेम कमी नव्हतं. पण लोकांनी विचारलं, ही भेट देशानं दिली आहे की कंपनीनं? शेवटी शुल्क कंपनीनं भरलं. कुसाळेचा सत्कार राज्यानं केला, सगळ्यांच्या वतीनं. लोकांच्या तिजोरीतून आलेले पैसे लोकांच्याच तिजोरीसाठी परत कशाला मागायचे? म्हणून ते करमुक्त. उद्या एखाद्या कंपनीनं त्याला जाहिरातीसाठी पैसे दिले, तर ती त्याची मिळकत. तिथं तोही तुझ्याच रांगेत उभा राहील."

धाकटी गप्प बसली, पण मान हलवली नाही.

"सचिनचीच दुसरी गोष्ट सांगतो. जाहिरातींतून परदेशातून आलेल्या पैशांबद्दल त्यानं म्हटलं, हे मी क्रिकेटपटू म्हणून कमावलेलं नाही, कॅमेऱ्यापुढे अभिनय करून कमावलंय, तेव्हा कलाकारांना मिळणारी वजावट मला द्या. प्राप्तिकर खात्यानं नाकारलं. प्रकरण मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि 2011 साली त्याचं म्हणणं मान्य झालं. का झालं? कुठला रुपया बॅटीतून आला आणि कुठला कॅमेऱ्यापुढून आला, हे वेगवेगळं दाखवता आलं म्हणून. ज्याचा हिशेब वेगळा मांडलेला असतो, त्यालाच हक्क मागता येतो."

"पण दादा, मुळात मी द्यायचं कशाला? मला कुणी काय दिलंय?"

दादांनी तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतलं आणि तिच्यापुढे ठेवलं. "खाशाबा जाधव माहीत आहेत?"

"नाव ऐकलंय."

"कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निवड झाली, पण जायला पैसे नाहीत. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं आणि 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक निघाली. आणि मग या माणसानं काय केलं? कुस्त्यांचे फड लावले, स्वतः लढले, आणि मिळालेल्या पैशांतून गुरुजींचं घर सोडवून दिलं. पदक गळ्यात एकट्याच्या असतं बेटा, पण त्यामागे कुणाकुणाचं काय काय गहाण पडलंय, हे खाशाबांनी लक्षात ठेवलं. तू पहाटे ज्या रस्त्यावर पळतेस, तो कुणी बांधला? बालेवाडीच्या ज्या ट्रॅकवर तुमच्या निवड चाचण्या होतात, तो 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेल्या संकुलातला, तो कुणाच्या पैशातून आला? धागे कापणाऱ्या तुझ्या आईनं साबण घेतला, काडेपेटी घेतली, त्यातसुद्धा कर भरलाय. हे सगळे तुझे खर्डेकर. त्यांची नावं तुला माहीत नाहीत, एवढंच. आणि हेही सांगतो, तुझ्या आजच्या मिळकतीवर बहुधा द्यायचं काहीच नाही. उलट तुलाच परत यायचंय. तू पैसे वाचवत नाहीस, हक्क सोडतेस."

धाकटीनं पाणी प्यायलं आणि "बघते" म्हणाली. जिना उतरल्यावर थोरलीला म्हणाली, "म्हातारा चांगला आहे, पण मला वह्या जमत नाहीत." पुढच्याच रविवारी तिनं आणखी एक पाकीट जिंकलं.

डिसेंबर 2024 मध्ये सिंगापूरला गुकेश बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. त्याला मिळालेल्या अकराएक कोटी रुपयांवर किती कर बसेल याचे आकडे फोनाफोनांवर फिरू लागले. सगळीकडे हळहळ. धाकटीनं ते थोरलीला दाखवलं, "बघ, त्यालाही सोडलं नाही."

थोरली म्हणाली, "तो पटावर बसून जिंकला, ती त्याची मेहनत आहे. आणि त्याच्या राज्यानं जे कोटी जाहीर केले, ते कशात बसतात हे त्याचे सीए वेगळं बघतील. दोन्ही एकाच आकड्यात घालून हळहळायचं कशाला?" दोन वर्षं दादांकडे जाऊन तिला आता तिन्ही फायली तोंडपाठ झाल्या होत्या.

मग 2025 चा पावसाळा आला. जुलैच्या शेवटी नागपूरच्या दिव्या देशमुखनं बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, राज्य सरकारनं तिला तीन कोटी दिले, आणि त्याच दिवसांत या घरातही एक मोठी गोष्ट घडत होती. आईनं आयुष्यभर एकच स्वप्न पाहिलं होतं, बदलापुरातच स्वतःची एक खोली, स्वयंपाकघर आणि नळाला पाणी असलेलं घर. एका इमारतीत वन बीएचके बघून ठेवला होता. तिघी बँकेत गेल्या.

अधिकाऱ्यांनी तीन वर्षांची विवरणपत्रं मागितली. थोरलीनं फाइल पुढे केली. दर वर्षी मिळकत वाढत गेलेली, कर शून्य, पण कागद पूर्ण. मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं.

"माझी बक्षिसं हिच्यापेक्षा जास्त आहेत," धाकटी म्हणाली.

"असतील ना ताई. पण नोंद?" त्यांनी तिच्या पॅनवरचा तपशील पडद्यावर उघडला. तीन वर्षांत तिथं एकच ओळ होती. जानेवारी 2023, रक्कम 1,00,000, कपात 30,000, कलम 194बी. "हे तर लॉटरी वगैरे लागल्याचं उत्पन्न आहे. हे मिळकतीत धरता येत नाही. नशिबाच्या पैशावर कर्ज कसं द्यायचं?"

धाकटीला ते वाक्य आरपार गेलं. तीन वर्षांच्या पहाटा, बारवीच्या चढावर पोटात उठणाऱ्या कळा, पावसात भिजून आलेला ताप, उपटलेली नखं, आणि तिच्या नावावर सरकारदरबारी काय लिहिलं होतं? नशीब. तेही कुणी दुष्टपणानं लिहिलेलं नव्हतं. तिनं स्वतः काही लिहिलं नव्हतं, म्हणून दुसऱ्यानं लिहिलेलं उरलं होतं.

एकट्या थोरलीच्या कागदांवर मिळणारं कर्ज त्या घराला पुरणारं नव्हतं. धाकटीची निदान दोन वर्षांची विवरणपत्रं आणा, मग बघू, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. घर लांबलं. आई परत येताना लोकलमध्ये काहीच बोलली नाही. ती रागावली असती तर धाकटीला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी एकटीच कॅम्प तीनचा जिना चढली. दादांनी तिला बसवलं. "रडून झालं की सांग, मग कामाला लागू."

काम बरंच होतं. चालू वर्षाचं विवरणपत्र भरायला अजून वेळ होता, त्या वर्षी मुदत 15 सप्टेंबरपर्यंत वाढली होती. 2023 च्या त्या 30,000 रुपयांसाठी मात्र नेहमीची मुदत केव्हाच उलटून गेली होती. दादा म्हणाले, "विलंब माफ करा म्हणून अर्ज करता येतो, पाच वर्षांच्या आत. मिळतील की नाही ते अधिकाऱ्यांच्या हातात. पण अर्ज करू. मात्र आधी मला तुझी सगळी बक्षिसं हवीत. तारीख, गाव, रक्कम, खर्च. पाकिटातली धरून. पाकिटातला पैसा हाही मिळकतच असतो, तो लपवून हक्क मागता येणार नाही."

धाकटी आठवू लागली. चार-पाच शर्यतींच्या पुढे तिला काही आठवेना. फोनमधले फोटो काढले, पुठ्ठ्याच्या चेकवरचे आकडे वाचले, तरी निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या राहिल्या. रात्री घरी तिनं वही उघडून ठेवली आणि हताश होऊन बसली.

थोरली उठली, ट्रंकेतून आपल्या तीन वर्षांच्या वह्या काढल्या आणि तिच्यापुढे ठेवल्या. "शेवटची पानं बघ."

प्रत्येक वहीच्या शेवटी धाकटीच्या शर्यती होत्या. तारीख, गाव, क्रमांक, बक्षीस, बूट कधी घेतले, कुणाकडे मालिश केलं. दोघी बहुतेक ठिकाणी एकत्रच गेल्या होत्या. थोरलीनं प्रत्येक वेळी स्वतःचं लिहून झाल्यावर पान उलटून बहिणीचंही लिहून ठेवलं होतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, ठेव तूच. मग तू कधीच लिहायला शिकली नसतीस."

विवरणपत्र मुदतीत गेलं. विलंब माफीचा अर्जही गेला, त्याचं उत्तर यायला वेळ लागणार होता. त्या दिवसापासून धाकटीच्या पिशवीत बुटांशेजारी एक वही असते. त्या हिवाळ्यात एका मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी नंबर घ्यायला गेली, तेव्हा तिनं आयोजकांच्या टेबलापाशी थांबून विचारलं, "बक्षिसावर कपात कुठल्या कलमाखाली करणार आहात? मी पळण्याचंच काम करते, हा माझा पॅन, हे माझं मागचं विवरणपत्र." टेबलामागचा मुलगा गोंधळला, आतून मोठे कुणी आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि नोंद करून ठेवली. रांगेत मागे शहापूर-मुरबाडकडच्या तीन-चार कोवळ्या मुली उभ्या होत्या. त्यांनी धाकटीला बाजूला गाठून विचारलं, "ताई, हे काय असतं?" धाकटीनं त्यांना तिथंच पायरीवर बसवलं आणि तीन फायलींची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट सांगावीशी वाटली, कारण अशा धाकट्या आपल्याकडे गावोगाव आहेत. आपण मुलांना स्टार्ट कसा घ्यायचा, श्वास कसा राखायचा, शेवटचा जोर कधी लावायचा हे शिकवतो. पण जिंकलेल्या पैशाचा कागद कसा राखायचा, हे क्रीडामंडळांत आणि क्रीडाशिक्षकांच्या वर्गात कुणी शिकवत नाही. मग तापात पळालेल्या मुलीची मिळकत लॉटरीच्या ओळीत जाऊन बसते, तिला परत मिळायचे पैसे मागायला कुणी जात नाही, आणि तिच्या मनात आपल्याच देशाविषयी कायमची अढी राहते. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याची जागा 2025 चा नवा प्राप्तिकर कायदा घेतो, कलमांचे आकडे बदलतात. प्रश्न मात्र तोच राहणार आहे: हे पैसे मानाचे, मेहनतीचे की नशिबाचे? त्याचं उत्तर खेळाडूला स्वतःला देता आलं पाहिजे. प्रत्येक मैदानावर शिट्टी आणि स्टॉपवॉचच्या जोडीला एक वही असायला काय हरकत आहे?

तात्पर्य: जो आपल्या मेहनतीचा हिशेब ठेवत नाही, त्याची मेहनत जग नशिबाच्या खात्यात जमा करतं. आणि जो ठेवतो, त्याला आपलं किती हेही कळतं आणि आपल्यात इतरांचं किती हेही.